चार्ल्स आइव्ह्ज यांची ‘दि अनआन्सर्ड क्वेश्चन’ ही रचना पहिल्यांदा कशी ऐकावी

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील आधुनिक रचना ऐकायची म्हटली की नवा श्रोता थोडा बिचकतो आणि त्यात त्याचे फारसे चुकत नाही, कारण त्याच्या हाती बहुधा आधी एखादी पाऊण तासाची, सर्व बाजूंनी कर्कश वाटणारी कृती येते. अशा श्रोत्याने अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्ह्ज यांच्या ‘दि अनआन्सर्ड क्वेश्चन’ या रचनेपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवतो. ही रचना जेमतेम पाच-सहा मिनिटांची आहे, वाद्ये मोजकी आहेत आणि तिची घडण उघड आहे: तंतुवाद्यांचा एक थर, एकट्या ट्रम्पेटचा दुसरा आणि चार फ्लूटचा तिसरा. हे तीन थर एकमेकांत मिसळत नाहीत आणि मिसळावेत अशी रचनाकाराची इच्छाही नाही. तिचा पहिला आराखडा 1908 च्या सुमाराचा असून आज आपण बहुतेक वेळा ऐकतो ते रूप आइव्ह्ज यांनी 1930 ते 1935 या काळात सुधारून तयार केलेले आहे.

या लेखात सांगितलेला क्रम ऐकण्याचा आहे. इतिहास आणि अर्थ यांची माहिती त्यात मुद्दाम उशिरा येते. रचनेची कथा आधी वाचून मग ऐकले, तर कान त्या कथेचा पुरावा शोधत बसतात आणि स्वरांकडे दुर्लक्ष होते, हा धोका या रचनेच्या बाबतीत विशेष आहे, कारण तिची कथा मोठी आकर्षक आहे.

ऐकण्यापूर्वीची तयारी

मोबाइलच्या अंगच्या स्पीकरवर ही रचना ऐकू नये. तंतुवाद्ये म्यूट (आवाज मंद करणारी छोटी चिमटी) लावून, अत्यंत हळू वाजतात आणि शेवटपर्यंत तशीच वाजत राहतात, त्यामुळे लहान स्पीकरवर त्यांचा थर जवळजवळ नाहीसा होतो आणि उरते ते फक्त अधूनमधून वाजणारे ट्रम्पेट व फ्लूट. म्हणजे रचनेचा पायाच निघून जातो. साधे हेडफोन पुरेसे आहेत. सुरुवातीला काही ऐकू येत नाही म्हणून आवाज एकदम वाढवण्याचा मोह होतो, तो मात्र टाळावा, कारण शेवटाकडे फ्लूट फार तीव्र होतात. पंखा बंद करावा, खोली शांत असावी आणि आरंभीचा हळुवारपणा कानांना सवयीचा होईपर्यंत धीर धरावा. रचना लहान असल्यामुळे एका बैठकीत ती तीनदा ऐकणे सहज शक्य आहे, आणि पुढील पहिल्या तीन पायऱ्या त्या हिशेबानेच मांडल्या आहेत.

पहिली पायरी: केवळ तंतुवाद्ये ऐकावीत

पहिल्या वेळी लक्ष फक्त व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि असल्यास डबल बेस यांच्यावर ठेवावे. आइव्ह्ज यांनी येथे चार जणांचे तंतुवाद्य चतुष्टक किंवा मोठा तंतुवाद्यवृंद यांपैकी काहीही चालेल असे म्हटले आहे. एक मिनिट उलटून जाते तरी दुसरे कोणतेही वाद्य येत नाही. तोपर्यंत ऐकू येतात ते लांब धरलेले, संथपणे एकातून दुसऱ्यात सरकणारे कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह. हे सर्व स्वर ‘जी मेजर’ या पट्टीतले आहेत, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी पाचला षड्ज मानला तर सर्व शुद्ध स्वरांचा सप्तक. त्यांत एकही बोचरा स्वर नाही. चर्चमधील सामूहिक प्रार्थनागीताची चाल पुष्कळ सावकाश केली, तर जे ऐकू येईल त्याच्या जवळ जाणारा हा पोत आहे.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला हा थर तानपुऱ्यासारखा वाटण्याची शक्यता आहे, पण तशी समजूत करून घेऊ नये. तानपुरा एका ठिकाणी स्थिर असतो आणि गाणारा त्याच्याशी सूर जुळवून घेतो. येथे कॉर्ड हळूहळू बदलत जातात, वरची व्हायोलिन दूरवर पसरलेल्या स्वरांतून खाली-वर होते आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पुढे येणारी वाद्ये या थराशी सूर जुळवण्याचा जराही प्रयत्न करत नाहीत. तालाचा ठोकाही शोधू नये. लय आहे, परंतु ती इतकी विलंबित आहे की कॉर्ड कधी बदलला हे बदलून गेल्यावरच कळते.

शेवटी फ्लूट जोरात वाजू लागले की तंतुवाद्ये ऐकू येईनाशी होतात. आपले काही निसटले असे तेव्हा श्रोत्याला वाटते, पण त्या ठिकाणी तंतुवाद्ये ऐकू आली नाहीत तरी हरकत नाही असे आइव्ह्ज यांनी स्वतःच नोंदवले आहे. गलबला थांबल्यावर ती पूर्वीच्याच गतीने आणि पूर्वीच्याच आवाजात पुन्हा ऐकू येतात आणि त्या क्षणी ध्यानात येते की ती मध्ये थांबलीच नव्हती. पहिल्या ऐकण्यात एवढे जाणवले तरी खूप झाले.

दुसरी पायरी: ट्रम्पेटचे पाच स्वर

दुसऱ्यांदा ऐकताना ट्रम्पेट किती वेळा येतो ते बोटांवर मोजावे. तो सात वेळा येतो आणि दर वेळी जवळपास तेच पाच स्वर वाजवतो. तो कधी घाई करत नाही, कधी आवाज चढवत नाही, आधी फ्लूटनी काय केले याची त्याच्यावर काहीही छाया पडत नाही.

या पाच स्वरांपाशी थोडे अधिक थांबावे, कारण रचनेचा सगळा पेच त्यांत आहे. घरी हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल तर प्रत्यक्ष वाजवून पाहावे. आधी पांढरी पाच, पांढरी सात आणि वरच्या सप्तकातली पांढरी दोन एकत्र दाबून जी मेजरचा कॉर्ड धरावा. हा तंतुवाद्यांचा मुक्काम. आता दुसऱ्या हाताने किंवा दुसऱ्या कोणाकडून क्रमाने हे स्वर वाजवून घ्यावेत: काळी पाच, तिच्या डावीकडे त्याच सप्तकातली काळी एक, मग पांढरी तीन, तेथून वरच्या सप्तकातल्या काळी दोनवर झेप आणि शेवटी किंचित उतरून पांढरी एक. पांढरी पाच हा षड्ज धरला, तर हे स्वर कोमल गंधार, मंद्र तीव्र मध्यम, मंद्र शुद्ध धैवत, मध्य सप्तकातला कोमल धैवत आणि शुद्ध मध्यम असे होतात.

रागसंगीताच्या श्रोत्याला यातील खोच लगेच कळावी. पाच स्वरांच्या वाक्यात दोन्ही मध्यम आणि दोन्ही धैवत आहेत, तर षड्ज आणि पंचम हे दोन्ही अचल स्वर मुळीच नाहीत. म्हणजे खालच्या थरात जे आधाराचे आहे, नेमके तेच ट्रम्पेट टाळतो. त्यातही मंद्र शुद्ध धैवतावरून मध्य कोमल धैवतावर जाणारी झेप सप्तकाला अर्ध्या स्वराने कमी पडते, आणि हे अंतर गळ्यालाही कठीण, कानालाही अस्वस्थ करणारे आहे. तरीही हे वाक्य कर्कश वाटत नाही; ते अपुरे वाटते. माझ्या मते आइव्ह्ज यांचे खरे कसब येथे आहे, कारण कर्कश स्वरवाक्य रचणे मुळीच अवघड नसते.

आणखी एक बारकावा टिपण्यासारखा आहे. सुधारित रूपात या वाक्याचा अखेरचा स्वर दर वेळी सारखा नसतो. तो पांढरी एक आणि तिच्याखालची पांढरी सात यांच्यात आलटून पालटून येतो. पांढरी सात म्हणजे आपल्या हिशेबात शुद्ध गंधार, जो जी मेजरच्या कॉर्डचाच घटक आहे. परिणामी, एका वेळी ट्रम्पेटचे वाक्य तंतुवाद्यांच्या घरात पाऊल टाकल्यासारखे संपते आणि पुढच्या वेळी उंबऱ्याबाहेरच राहते. 1908 च्या आराखड्यात हा फरक नव्हता. तेथे ते वाक्य दर वेळी ज्या स्वरावर सुरू झाले त्याच कोमल गंधारावर परत येऊन संपत असे. दोन्ही रूपे ऐकली की नंतरचे रूप अधिक सूक्ष्म आहे यात मला तरी शंका वाटत नाही.

तिसरी पायरी: फ्लूटचे सहा प्रतिसाद

तिसऱ्या खेपेला फ्लूट ऐकावेत. मूळ मागणी चार फ्लूटची आहे, मात्र तिसऱ्या आणि चौथ्या फ्लूटऐवजी ओबो व क्लॅरिनेट घेण्याची मुभा आहे, म्हणून काही ध्वनिमुद्रणांत या गटाचा रंग वेगळा वाटतो. ट्रम्पेटच्या पहिल्या सहा वाक्यांनंतर प्रत्येक वेळी हा गट प्रतिसाद देतो. सातव्यानंतर मात्र देत नाही.

पहिला प्रतिसाद संथ आणि संकोची आहे. त्यानंतर प्रत्येक वेळी गती वाढते, आवाज वाढतो, चारही वाद्यांमधला विसंवाद वाढतो. येथे कोणती पट्टी आहे हे शोधण्यात वेळ घालवू नये, कारण हे लेखन कोणत्याही पट्टीत बसत नाही. त्याऐवजी एक सोपी खूण लक्षात ठेवावी: चारही वाद्ये एका वेळी एकच काहीतरी म्हणत आहेत की प्रत्येक जण स्वतःचेच म्हणत आहे? आरंभी त्यांच्यात थोडीफार एकवाक्यता असते आणि ती झपाट्याने विसकटते. शेवटच्या प्रतिसादात ती ट्रम्पेटचेच स्वर भरभर उच्चारून त्याची टिंगल करतात, किंचाळतात आणि गप्प होतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्या अनेकांना येथे हसू येते. ते आवरण्याचे काही कारण नाही.

चौथी पायरी: तीन थर, तीन वेगवेगळे काळ

आता तिन्ही थर एकत्र ऐकायचे. एकत्र ऐकायचे म्हणजे एकजीव करून ऐकायचे नव्हे. फ्लूटची गती वाढली म्हणून तंतुवाद्यांची वाढत नाही. दोघांना एका तालात बांधलेलेच नाही. स्वरलिपीत फ्लूटचा प्रवेश जेथे दाखवला आहे, तेथेच तो काटेकोरपणे झाला पाहिजे असेही नाही, थोडे पुढेमागे झाले तर चालते, अशी सूट रचनाकाराने दिली आहे. म्हणूनच कोणतेही दोन प्रयोग तंतोतंत सारखे होत नाहीत. कार्यक्रमात पाहायला मिळाले तर अनेकदा एक संचालक तंतुवाद्यांसाठी आणि दुसरा फ्लूटसाठी असतो. तंतुवाद्ये रंगमंचाबाहेर, पडद्यामागे किंवा निदान ट्रम्पेट व फ्लूटपासून दूर बसवावीत अशी सूचना आहे. सभागृहात त्यामुळे आवाज नक्की कोठून येतो आहे ते कळत नाही, आणि हा अनुभव हेडफोनवर पुरेसा मिळत नाही हे मान्य केले पाहिजे.

या रचनेतला आधुनिकपणा मला येथे दिसतो. विसंवादी स्वर तर त्याच सुमारास व्हिएन्नात संगीतकार आर्नोल्ड शोनबर्गही लिहू लागले होते. परंतु पूर्ण सुरेल संगीत आणि पट्टी सोडून दिलेले संगीत एकाच वेळी चालू ठेवायचे, दोघांना आपापला वेग द्यायचा, आणि दोघांपैकी कोणालाही जिंकू द्यायचे नाही, ही कल्पना वेगळ्या जातीची आहे. जुन्या पद्धतीच्या रचनेत विसंवाद आला की त्याची उकल व्हावी अशी अपेक्षा असते. येथे उकल होत नाही, कारण सुसंवाद आणि विसंवाद हे एका वाक्यात एकामागून एक येतच नाहीत. ते शेजारी शेजारी राहतात. नव्या श्रोत्याला अडचण येते ती बहुधा याच ठिकाणी. तो अखेरच्या क्षणापर्यंत ‘आता जुळेल’ म्हणून वाट पाहतो. ती अपेक्षा सोडून दिली की ऐकणे एकदम हलके होते.

पाचवी पायरी: रचनाकार आणि त्याचा काळ

आइव्ह्ज यांचा जन्म 20 ऑक्टोबर 1874 रोजी कनेटिकट राज्यातील डॅनबरी या गावी झाला. वडील जॉर्ज आइव्ह्ज हे अमेरिकेच्या यादवी युद्धात बँडमास्तर होते. त्यांना आवाजाच्या प्रयोगांची विलक्षण हौस होती. मुलांना ‘स्वॉनी रिव्हर’ हे गाणे एका पट्टीत गायला लावून साथ मात्र दुसऱ्याच पट्टीत वाजवायची, असा त्यांचा शिरस्ता होता. दोन बँड वेगवेगळी गाणी वाजवत एकमेकांजवळून जाताना काय ऐकू येते, याचेही त्यांना कुतूहल होते. वरच्या चौथ्या पायरीचे मूळ कोठे असेल हे यावरून समजते.

पुढे येल विद्यापीठात होरॅशियो पार्कर यांच्याकडे आइव्ह्ज यांनी रीतसर शिक्षण घेतले आणि 1898 मध्ये पदवी मिळवून न्यूयॉर्क गाठले, पण पोटापाण्यासाठी संगीत न धरता आयुर्विम्याचा व्यवसाय धरला. ‘आइव्ह्ज अँड मायरिक’ ही त्यांची भागीदारीतली विमा एजन्सी चांगलीच भरभराटीला आली आणि 1930 मध्ये ते त्या व्यवसायातून निवृत्त झाले. संगीत लिहायचे ते संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. वाजवणारे आणि ऐकणारे समोर नसल्यामुळे त्यांना वाटेल ते लिहिता आले, असे म्हणण्याची पद्धत आहे. त्यात तथ्य आहे, पण त्याची किंमतही मोठी होती. या रचनेचा पहिला जाहीर प्रयोग 11 मे 1946 रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात झाला, म्हणजे पहिल्या आराखड्यानंतर जवळजवळ चार दशकांनी. पुढच्याच वर्षी, 1947 मध्ये, त्यांच्या तिसऱ्या सिंफनीला पुलित्झर पारितोषिक मिळाले. 19 मे 1954 रोजी त्यांचे निधन झाले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आइव्ह्ज जुन्या हस्तलिखितांवर पुन्हा पुन्हा हात फिरवत असत, त्यामुळे त्यांच्या रचनांच्या तारखांवरून अभ्यासकांमध्ये वाद झालेले आहेत. 1987 मध्ये संगीत-अभ्यासक मेनार्ड सॉलोमन यांनी तर या तारखांबद्दल उघड शंका घेतली. तेव्हा ‘आइव्ह्ज यांनी हे सर्व युरोपच्या आधी केले’ हे वाक्य जपून वापरावे. या रचनेपुरते बोलायचे तर तीन थरांची मांडणी पहिल्या आराखड्यातही आहे, मात्र फ्लूटच्या लेखनातील धार बरीचशी 1930 नंतरची आहे.

सहावी पायरी: आता रचनाकाराचे टिपण वाचावे

आइव्ह्ज यांनी स्वरलिपीला एक टिपण जोडले आहे. त्यानुसार तंतुवाद्ये म्हणजे ज्यांना काहीही कळत नाही, दिसत नाही आणि ऐकू येत नाही अशा ‘ड्रुइडांचे मौन’. ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक समाजातील पुरोहित. ट्रम्पेट अस्तित्वाविषयीचा प्रश्न विचारतो. फ्लूट म्हणजे अदृश्य उत्तराच्या शोधात निघालेली माणसे. ती एकत्र येऊन खलबत करतात, शोध व्यर्थ असल्याचे त्यांना उमगते, ती प्रश्नाचीच चेष्टा करतात आणि निघून जातात. मग प्रश्न अखेरचा विचारला जातो आणि मागे मौन तेवढे उरते.

टिपणातील ‘कळत नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही’ हे शब्द विसरू नयेत. तंतुवाद्यांच्या मधुर थरात उत्तर दडलेले आहे, ते शांत आहेत कारण त्यांना सत्य गवसले आहे, असा सोयीचा अर्थ आपल्याकडचा श्रोता पटकन लावतो. रचनाकाराने तसे म्हटलेले नाही. ही शांतता ज्ञानी माणसाची असेल किंवा निव्वळ बेफिकिरीची, हे त्याने उघडे ठेवले आहे.

शीर्षकाचे शब्द राल्फ वाल्डो इमर्सन यांच्या ‘दि स्फिंक्स’ या कवितेत आढळतात. इमर्सन आणि हेन्री डेव्हिड थोरो या एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन लेखक-विचारवंतांच्या विचारांचा आइव्ह्ज यांच्यावर खोल परिणाम होता. त्यांच्या ‘काँकर्ड सोनाटा’ या पियानोरचनेचे पहिले आणि शेवटचे प्रकरण अनुक्रमे या दोघांच्या नावाचे आहे. हे दोघेही भगवद्गीतेचे वाचक होते, परंतु त्या आधारावर या रचनेत वेदान्त शोधणे म्हणजे फार लांबची उडी होईल.

सातवी पायरी: ध्वनिमुद्रणांची तुलना

सुरुवातीला संचालक लेनर्ड बर्नस्टीन यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासह 1964 मध्ये केलेले ध्वनिमुद्रण घ्यावे. त्यातील थर सुटे आणि स्पष्ट ऐकू येतात. बर्नस्टीन यांना ही रचना इतकी महत्त्वाची वाटत होती की हार्वर्ड विद्यापीठातील 1973 च्या आपल्या व्याख्यानमालेला त्यांनी तिचेच नाव दिले. त्यानंतर मायकेल टिल्सन थॉमस यांचे शिकागो सिंफनीबरोबरचे, 1980 च्या दशकातील ध्वनिमुद्रण ऐकावे. त्यात मूळ आणि सुधारित अशी दोन्ही रूपे एकाच ठिकाणी मिळतात.

तुलना करताना गुणवत्तेचा निवाडा करण्याऐवजी ठरावीक गोष्टी तपासाव्यात. पहिला ट्रम्पेट येईपर्यंत किती वेळ जातो? तंतुवाद्ये खरोखर दूर वाटतात की फक्त हळू? ट्रम्पेटवाला पाचवा स्वर सोडताना तो विरत जाऊ देतो की नेमका तोडतो? भावनेच्या भरात ट्रम्पेट शेवटी अधिक करुण करणारे वादक आहेत, आणि ते मला अजिबात पटत नाही. सातवा प्रश्न पहिल्यासारखाच निर्विकार असावा.

पुढे काय ऐकावे

आइव्ह्ज यांनी ही रचना ‘सेंट्रल पार्क इन द डार्क’ या दुसऱ्या एका रचनेच्या जोडीने मांडली होती. एका गंभीर विषयाचे चिंतन आणि एका अजिबात गंभीर नसलेल्या विषयाचे चिंतन, अशी त्या जोडीची गमतीदार ओळख त्यांनीच करून दिली होती. म्हणून पुढची रचना शोधायला लांब जावे लागत नाही. तेथेही तंतुवाद्यांचा एक संथ, न बदलणारा थर आहे, पण तो सुरेल नसून धूसर आणि विसंवादी आहे. तो उद्यानातला अंधार आणि रात्रीचे आवाज यांच्यासाठी आहे. त्यावर शहराचे आवाज चढत जातात, पियानोवर ‘हॅलो! मा बेबी’ हे त्या काळातले लोकप्रिय गाणे वाजू लागते, बाकीची वाद्ये त्यात आपापल्या चाली घेऊन घुसतात, अखेर सगळा कल्लोळ एका क्षणी तुटतो आणि खाली तंतुवाद्ये चालूच असल्याचे कळते. ऐकण्याची पद्धत तीच ठेवावी: पहिल्या वेळी फक्त तंतुवाद्ये, दुसऱ्या वेळी फक्त पियानो, आणि त्यानंतर सर्व मिळून.